साथ, लस आणि रुग्णालयातला माणूस : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

लस आधी कोणाला द्यायची, हे जानेवारी २०२१ मध्ये ठरून गेले होते. यादी तयार होती. पहिले सुमारे एक कोटी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस, पालिकांचे सफाई कामगार वगैरे दोन कोटी, आणि त्यानंतर वयस्क व आजारी नागरिक. यादीत नाव असलेला माणूस दंड पुढे करील की नाही, याचा विचार मात्र फारसा झालेला नव्हता. जो रोज करोनाच्या रुग्णाच्या उशाशी उभा राहतो, तो लसीला नाही कशाला म्हणेल, असे सगळ्यांनी धरून चालले होते. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रात २८५ केंद्रे, प्रत्येक केंद्रावर १०० जण, म्हणजे २८,५०० नावे. दिवसअखेर लस घेतलेल्यांचा आकडा १८ हजारांच्या आसपास थांबला. त्याच रात्री को-विन ॲपमधील बिघाडामुळे राज्यातले लसीकरण दोन दिवस थांबवावे लागले.

उरलेले दहा हजार कोण होते? ते घाबरले होते, रजेवर होते, आजारी होते, की त्यांना निरोपच पोचला नव्हता? या साध्या प्रश्नातून एक अभ्यासक्षेत्र उभे राहते. साथीच्या काळात रुग्णालयात काम करणारी माणसे लस घ्यायला राजी का होतात, का होत नाहीत, आणि नकाराचा होकार कशाने होतो, हे त्याचे विषय. ही प्रस्तावना त्या क्षेत्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकासाठी आहे. आत येण्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही. परिचारिकेला, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला, आशाताईला आणि गावच्या पत्रकारालाही येथे करण्यासारखे बरेच आहे.

मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांवर पुष्कळ लिहिले गेले. विषयाचा गाभा मात्र सातारा जिल्ह्यातल्या फलटणसारख्या तालुक्याच्या गावी अधिक स्वच्छ दिसतो, कारण तिथे रुग्णालय आणि गाव यांच्यामध्ये भिंत फार पातळ असते. उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळी केलेली सिस्टर सकाळी त्याच गल्लीत भाजी घेते, जिथे तिचा रुग्ण राहतो. तिने लस घेतली की नाही, हे दुपारपर्यंत गल्लीला ठाऊक असते. आरोग्य खात्याच्या पत्रकापेक्षा तिच्या दंडाकडे लोकांचे लक्ष जास्त असते. म्हणून तिचा निर्णय तिच्या एकटीचा राहत नाही. ती लस घेणारी असते आणि दुसऱ्या दिवशी लस देणारीही असते.

‘रुग्णालयातला माणूस’ म्हणजे कोण, हेही आधी ठरवून घ्यावे लागते. वैद्यकीय अधीक्षक, एमओ, सिस्टर आणि ब्रदर हे चटकन डोळ्यांसमोर येतात. पण लॅब टेक्निशियन, औषधनिर्माता, १०८ रुग्णवाहिकेचा चालक, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, कंत्राटदाराकडून आलेला सफाई कामगार, स्वयंपाकघरातली बाई, दारावरचा रखवालदार? तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कर्मचारी, उपकेंद्रातली एएनएम, आणि २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशा? शिवाय खासगी नर्सिंग होममधली आया, जिच्या हातात नेमणुकीचा कागदही नसतो? रुग्णालय डॉक्टरांपलीकडेही असते, हे फलटणला वेगळे सांगायला नको. इथल्या ज्या शाळेला कमला निंबकरांचे नाव आहे, त्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीचे भारतातले पहिले विद्यालय सुरू केले होते. हिंडता-फिरता न येणाऱ्या रुग्णाला पुन्हा कामाला लावणारी ही विद्या डॉक्टरांच्या बरोबरीने उभी राहिली. लसीच्या अभ्यासातही असेच डॉक्टरांपलीकडे पाहावे लागते.

या प्रश्नाला आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना देऊन पाहिली गेली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. एका टोकाला आपल्या ज्ञानावर भरवसा ठेवून स्वतःचा दंड पुढे करणारा शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या टोकाला, ‘नाही’ म्हणण्याची फारशी सोय नसलेल्या जागी ‘हो’ म्हणणारा कैदी. रुग्णालयातला प्रत्येक कर्मचारी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. अधीक्षकाचा होकार हाफकिनच्या जवळ जातो. कंत्राटी कामगाराचा होकार कधीकधी त्या कैद्याच्या जवळ जातो. दोघांनाही आपण ‘राजी’ या एकाच रकान्यात टाकतो, तेव्हा अभ्यासाची पहिली चूक होते.

त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. फलटणच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातले नायगाव हे त्यांचे जन्मगाव. रुग्णसेवेतला धोका ही या भागाला पुस्तकातून कळलेली गोष्ट नाही. आणि त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तपासणीसाठी घरात घुसणाऱ्या, माणसांना उचलून नेणाऱ्या सक्तीविरुद्धचा राग त्यामागे होता. सेवा, विज्ञान आणि सक्ती या तिन्ही गोष्टी एका वर्षात, शे-दोनशे मैलांच्या आत घडल्या. आजचा अभ्यासक याच तीन गोष्टींच्या भोवती फिरतो.

आधुनिक काळात या विषयाची मोजदाद सुरू झाली ती इन्फ्लुएंझाच्या निमित्ताने. २००९ मध्ये हाँगकाँगच्या सार्वजनिक रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना विचारले गेले, साथ येण्याआधीच लस मिळाली तर घ्याल का? बर्ड फ्लूच्या लसीला तयार असलेले २८.४ टक्केच निघाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने इशाऱ्याची पातळी तिसऱ्या टप्प्यावरून पाचव्यावर नेली, तरी हा आकडा ३४.८ टक्क्यांवरच राहिला. स्वाइन फ्लूच्या लसीला ४७.९ टक्के तयार होते. हे शहर सहाच वर्षांपूर्वी सार्सने पोळलेले होते, आणि त्या साथीत तिथले डॉक्टर-परिचारिकाही आजारी पडले होते. तरीही निम्म्याहून अधिक लोक नको म्हणत होते. कारणे दोनच ठळक होती, दुष्परिणामांची भीती आणि लस खरेच उपयोगी पडेल का ही शंका. धोका जवळ आला की माणसे आपोआप लसीकडे वळतात, ही समजूत या पाहणीने डळमळीत केली.

आपल्याकडेही तेव्हा काही वेगळे घडले नाही. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात घेतला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सुमारे १५ लाख डोस परदेशातून आणले. तोवर लाटेचा जोर ओसरला होता, आणि ज्यांच्यासाठी ते आणले त्यांच्यातल्याच अनेकांनी पाठ फिरवली. करोनाच्या मोहिमेची आखणी करताना या अनुभवाची उजळणी झाली असती, तर १६ जानेवारीच्या संध्याकाळी कोणाला नवल वाटले नसते.

सिद्धान्ताच्या बाजूने पाहिले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या टाळाटाळीमागची कारणे तीन गटांत मांडली. लसीवर व ती देणाऱ्यावर विश्वास नसणे, ‘मला काही होत नाही’ हा निर्धास्तपणा, आणि लस मिळवण्यातली गैरसोय. जर्मन मानसशास्त्रज्ञ कॉर्नेलिया बेट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ही मांडणी विस्तारली. त्यांनी विश्वास आणि निर्धास्तपणा ठेवले, गैरसोयीच्या जागी एकूण अडथळे घेतले आणि दोन गोष्टी जोडल्या. एक, फायदा-तोट्याचा हिशेब करण्याची वृत्ती. दुसरी, आपल्यामुळे इतरांचे रक्षण होते ही जाणीव. २०१९ मध्ये संघटनेने लसीबाबतच्या या चालढकलीला जागतिक आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांत जागा दिली.

ही चौकट उपयोगी आहे, पण ती फलटणच्या वॉर्डात नेऊन तपासावी लागते. विश्वासाचेच घ्या. पहिल्या आठवड्यांत रुग्णालयांतून ऐकू येणारे वाक्य होते, ‘आधी मोठे साहेब घेऊ देत, मग बघू.’ यात लसीविषयी काहीच नाही; सगळे आहे ते साहेबांविषयी. हिशेबाचेही तसेच. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग दुखते, हे सगळ्यांना माहीत होते. कायम कर्मचाऱ्याला त्यासाठी रजा टाकता येते. रोजंदारीवरच्या मामाचा खाडा पडतो. एकच ताप, पण एकाला तो विश्रांती देतो आणि दुसऱ्याचा पगार कापतो. प्रश्नावलीत दोघेही ‘दुष्परिणामांची भीती’ या खुणेवर टिक करतील. त्यातल्या एकाची भीती शास्त्रीय माहितीने जाईल. दुसऱ्याची भरपगारी सुट्टीने जाईल. माहिती कमी पडते म्हणून माणसे कचरतात, असे मानून नुसती व्याख्याने ठेवणाऱ्या मोहिमा इथेच फसतात.

माहिती कमी असणे हेच कारण असते, तर सर्वाधिक शिकलेल्यांनी सर्वांत आधी रांग लावली असती. घडले ते उलट. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी अधीक्षकांना पत्र दिले, की आम्हाला कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशील्ड द्या. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हाती नव्हते, आणि ती घेणाऱ्याकडून वेगळ्या संमतिपत्रावर सही घेतली जात होती. अंतरिम निष्कर्ष ३ मार्चला आले आणि त्यांत परिणामकारकता ८१ टक्के दिसली. मार्चमध्येच त्या वेगळ्या संमतीची अट निघाली. जानेवारीतल्या त्या डॉक्टरांना लसविरोधक म्हणायचे का? ते पुरावा मागत होते, आणि पुरावा मागणे हे त्यांच्या शिक्षणातच होते. महाराष्ट्रात पहिल्या दिवसांत कोव्हॅक्सिन मोजक्याच केंद्रांवर होती. बहुतेक ठिकाणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड आली. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला होता. फलटणहून पुणे शे-सव्वाशे किलोमीटरवर. तालुक्यातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी तिथे नोकरीला. ‘आपल्या पुण्याची लस’ या भावनेने इथे किती दंड पुढे केले, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

नवख्या अभ्यासकाने सर्वांत जपायचे ते मोजणीत. ‘घेतली नाही’ आणि ‘नाकारली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहिमेच्या सुरुवातीला गरोदर आणि स्तनदा मातांना लस द्यायची नाही, असाच आदेश होता. स्तनदा मातांना १९ मे २०२१ रोजी परवानगी मिळाली, गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी. परिचारिका, एएनएम आणि आशा यांच्यातल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण लक्षात घेतले, तर या आदेशाने किती जणी बाहेर राहिल्या असतील हे उघड आहे. नुकताच करोना होऊन गेलेल्यांना आधी चार ते आठ आठवडे आणि मेपासून तीन महिने थांबायला सांगितले होते. आणि करोना होऊन जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कोणाची होती, हे सांगायला नको. यादीत चुकीचा मोबाइल नंबर पडलेले, निरोप न मिळालेले, बदली होऊन गेलेले पण नाव दोन ठिकाणी असलेले, असेही काही असतात. ही सगळी माणसे वजा केल्यावर जे उरतात त्यांच्यातच खरे कचरणारे शोधावे लागतात. टक्केवारी काढण्याआधी खाली कोणता आकडा घेतला आहे, हे न सांगणारा लेख हाती आला तर तो बाजूला ठेवावा.

दुसरा धोका प्रश्नावलीचा. साथीच्या काळात बहुतेक पाहण्या गूगल फॉर्मवर झाल्या, व्हॉट्सॲपवरून फिरल्या आणि इंग्रजीत होत्या. त्या भरल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि डॉक्टरांनी. मावशींच्या हाती तो फॉर्म पोचला नाही. पोचला असता तरी ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ या पाच पायऱ्यांवर आपले मन बसवून दाखवण्याची सवय त्यांना नाही. बरे, फॉर्म वरिष्ठांनीच वाटला आणि तेच गोळा करणार असतील, तर ‘घेणार नाही’ असे लिहील कोण? शिवाय ‘घेईन’ म्हणणे आणि घेणे यांत अंतर असते. ते अंतर फक्त नोंदवही दाखवते. म्हणून उत्तम अभ्यास दोन्ही अंगांनी होतो. एका बाजूला केंद्रावरची नोंद, दुसऱ्या बाजूला चहाच्या वेळी, साहेब जवळ नसताना, मराठीत केलेली निवांत बातचीत. त्या बातचितीत ‘लस घेतली का?’ यापेक्षा ‘घेण्याआधी कोणाला विचारलेत?’ हा प्रश्न जास्त काही सांगून जातो. उत्तरात क्वचितच मंत्रालय येते. नवरा, सासू, मोठी बहीण, जुनी सिस्टर, गावातला फॅमिली डॉक्टर हीच नावे येतात.

थकव्याचा हिशेबही मांडायला हवा. १७ जानेवारी २०२१ चा पोलिओ रविवार करोना लसीकरणामुळे ३१ जानेवारीवर ढकलावा लागला, कारण दोन्हीकडची माणसे तीच होती. पल्स पोलिओच्या बूथवर बसणारे, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला पाण्याचे नमुने तपासणारे आणि करोनाच्या घरोघरच्या सर्वेक्षणाला निघणारे हात वेगळे नाहीत. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला, तेव्हा हा ताण चव्हाट्यावर आला. ज्या यंत्रणेने आपल्याला हातमोजे वेळेवर दिले नाहीत, ती लस मात्र काळजीपोटी देते आहे, यावर माणूस सहज विश्वास ठेवत नाही. लसीवरचा विश्वास लसीपासून सुरू होत नाही. तो मास्क, ड्यूटीची पाळी आणि थकलेले मानधन यांतून आधीच कमावलेला किंवा गमावलेला असतो.

मग सक्ती करावी का? जगाने वेगवेगळी उत्तरे दिली. इटलीने एप्रिल २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली, फ्रान्सने सप्टेंबरमध्ये. इंग्लंडने रुग्णालयांसाठी तशी घोषणा केली आणि माणसे नोकरी सोडतील या भीतीने २०२२ च्या सुरुवातीला मागे घेतली. भारतात लस कायद्याने ऐच्छिकच राहिली. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला, की कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला आहे. पण कायद्यात ऐच्छिक असलेली गोष्ट वॉर्डात ऐच्छिक असतेच असे नाही. ‘नाव दिलेय तुझे, जाऊन ये’ या वाक्यात सक्ती आहे की आपुलकी, हे बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नात्यावर ठरते. नीतिशास्त्राला रस असणाऱ्यांनी हा धागा पकडावा.

आणि लसीने काय साधले, हेही या क्षेत्राने लपवू नये. दुसऱ्या लाटेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. दोन्ही डोस घेतलेल्यांत संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि आयसीयूपासून ९४ टक्के दिसले. संसर्गाचा आकडा इतरांहून कमी आहे, हे नीट पाहावे. ‘लस घेऊनही सिस्टरला करोना झालाच’ ही गावातली तक्रार खोटी नव्हती. तिच्या पुढचे वाक्य, ‘पण तिला ऑक्सिजन लागला नाही’, ते मात्र कोणी बोलत नव्हते. राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत २०२१ च्या जून-जुलैपर्यंत रुग्ण रेंगाळले. त्या महिन्यांत इथल्या वॉर्डांनी जे पाहिले, ते या दुसऱ्या वाक्याचा पुरावा म्हणून नोंदवले जायला हवे होते.

तेव्हा वाचकहो, या क्षेत्रात शिरताना एक गोष्ट गाठीशी बांधून घ्या. रुग्णालयातल्या माणसाची लसीबद्दलची तयारी हे त्या माणसाच्या शहाणपणाचे मोजमाप नाही. त्याच्या संस्थेने त्याच्याशी कसा व्यवहार ठेवला, याचे आहे. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे कोणी सांगू शकत नाही, पण तिची पहिली लस पुन्हा याच सिस्टर, मामा आणि आशांच्या दारी येणार, हे निश्चित आहे. २०२१ मधले कर्मचारी अजून कामावर आहेत, काही नुकतेच निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या आठवणी ताज्या आहेत. फलटण, माण, खटाव, खानापूर, जत, कुठलाही तालुका घ्या. एक वही घ्या आणि वरून नव्हे, सर्वांत खालच्या पगारापासून सुरुवात करा. त्यांना विचारा, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहा, त्यांची नावे झाका आणि लिहिलेले छापा. हे काम पुढच्या साथीच्या आधी झाले पाहिजे.